बाईकवर सामान बांधायच्या इलॅस्टिक दोरीचा हुक निसटून तोंडावर येतो. सुरक्षित दोरी स्वतः कशी बनवता येईल?

तुम्ही लिहिलंय की मागच्या सीटवर खोका बांधताना पलीकडचा हुक निसटून गालावर बसला, म्हणून आता जाड रबर आणि दणकट हुक घालून स्वतःच दोरी बनवायची आहे. तीच पुढे गच्चीवरच्या ताडपत्रीला आणि गॅरेजमध्ये सामान टांगायलाही वापरायची आहे.

जाड रबर घालू नका, त्याने धोका वाढतो. आधी हिशेब बघा. बाजारातली साधी दोरी ६० सेंमीची धरू. ती १०० सेंमीपर्यंत ताणली आणि त्या वेळी हाताला १० किलोची ओढ जाणवली, तर तिच्यात साधारण २० ज्यूल ऊर्जा साठलेली असते (१० किलोची ओढ म्हणजे सुमारे १०० न्यूटन; ती गुणिले ०.४ मीटर ताण, भागिले दोन). आता ३० ग्रॅमचा हुक निसटला. दोरीचं स्वतःचं वजन थोडं धरलं तरी हलणारं वजन ५० ग्रॅमच्या आसपास राहतं. म्हणजे वेग येतो सेकंदाला २८ मीटर, ताशी १०० किलोमीटर. रबरात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, पण फार नाही. थोडक्यात, ही बेचकीच आहे, फक्त दगडाऐवजी तारेचा हुक आणि समोर तुमचं तोंड. दुप्पट जाड रबर घातलं तर तेवढ्याच ताणाला चौपट ऊर्जा साठेल.

बहुतेक वेळा लागतो तो हातातला हुक नव्हे, पलीकडचा. तुम्ही अलीकडून ओढता, ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो, आणि पलीकडचा हुक कॅरियरच्या पाइपवर नीट बसलाय की नुसता टोकावर टेकलाय हे खोक्याआड दिसत नाही. तो सुटला की दोरी आखडते ती तुमच्याच दिशेने. त्यामुळे हुक कितीही दणकट घेतला तरी उघड्या तोंडाचा असेल तर प्रश्न तसाच राहतो. शिवाय स्वस्त हुकाची तार ओढीखाली हळूहळू उघडते आणि टोकावरची प्लास्टिकची टोपी दोन-चार महिन्यांत पडते. मग उरतं नुसतं टोकदार तारेचं टोक.

म्हणून माझ्या मते डिझाइनची सुरुवात एका अटीपासून करावी: टोक अडकवताना ताण शून्य हवा, आणि ताण नंतर बकलने द्यायचा. ही अट पाळली की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. दुसरी अट अशी की रबराने भार पेलायचा नाही. रबराचं काम फक्त एवढंच, की सामान खड्ड्यात दबलं, सरकलं, तर पट्टी सैल पडू नये. भार पेलायला न ताणणारी पट्टी हवी.

यातून जी रचना निघते ती अशी. एकच अखंड पट्टी, आणि तिच्या एका भागाला समांतर जोडलेला रबराचा छोटा तुकडा. रबर पट्टीपेक्षा आखूड, म्हणून तेवढ्या भागात पट्टी सैल लोंबते. बकल ओढलं की रबर ताणतं, आणि पट्टीचा सैलपणा संपला की रबर आणखी ताणूच शकत नाही. रबर तुटलं तर? पट्टी थोडी सैल होते, सामान जागेवर राहतं.

साहित्य: २५ मिमी रुंदीची पॉलिएस्टरची विणलेली पट्टी (बॅगेच्या बंदाला असते ती) अडीच मीटर, २५ मिमीचं धातूचं कॅम बकल (दातेरी जिभेने पट्टी धरून ठेवणारं, दाबलं की सोडणारं) एक, ८ मिमीची हुक नसलेली इलॅस्टिक दोरी अर्धा मीटर, जाड पॉलिएस्टर दोरा, आणि जुन्या जीन्सचा तुकडा. पट्टी नायलॉनचीही चालते, पण नायलॉन भिजलं की थोडं लांबतं आणि पावसाळ्यात बांधणी सैल पडते. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी सर्वांत स्वस्त, पण उन्हात लवकर ठिसूळ होते. सुती दोरा नकोच, तो कुजतो.

पट्टीतून ४५ सेंमीचा एक तुकडा आणि १२ सेंमीचे दोन तुकडे कापा, टोकं लायटरने वितळवून बंद करा. ४५ च्या एका टोकाला १२ सेंमी लांबीचा मोठा लूप शिवा, दुसऱ्या टोकाला कॅम बकल. हा झाला आखूड भाग. उरलेल्या लांब पट्टीच्या एका टोकालाही तसाच १२ सेंमीचा लूप शिवा, दुसरं टोक मोकळं ठेवा. हे लूप कॅरियरच्या पाइपभोवती फिरवून पट्टीचं उरलेलं टोक त्यातूनच ओवायचं आणि ओढायचं, की फास बसतो. ओढ वाढली की तो अधिक आवळतो. हुक नाही, त्यामुळे निसटायला काही नाही, आणि उडालंच तर पट्टीचं मऊ टोक उडेल.

शिलाई चौकोनी, आत फुली मारलेली, किमान ४ सेंमी लांब हवी. घरच्या मशीनची सुई तिथे मोडते. बॅगा किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घ्या.

आता रबर. लांब पट्टीवर, लूपपासून २० सेंमीवर एक आणि तिथून पुढे ४० सेंमीवर दुसरा, असे १२ सेंमीचे तुकडे दुमडून दोन छोटी कडी शिवून टाका. इलॅस्टिक दोरी ४५ सेंमी कापायची. कापण्याआधी त्या जागी टेप गुंडाळा, नाहीतर आतले रबराचे धागे आवरणात मागे सरकतात. दोरी एका कडीतून ओवून ७ सेंमी मागे दुमडा, दुसऱ्या कडीत तसंच करा. कडी ते कडी अंतर न ताणता ३० सेंमी भरलं पाहिजे. म्हणजे पट्टीत १० सेंमी सैलपणा राहिला, आणि तीच ताणाची मर्यादा.

हे माप ठरवताना एक चूक फार होते. दुमडून बांधलेला भाग जवळजवळ ताणतच नाही. प्रत्येक टोकाला ५ सेंमी बांधणीत गेले, तर ताणणारं रबर उरतं २० सेंमी. ते १० सेंमी ताणलं म्हणजे दीडपट झालं, आणि ते चालतं. पण जागा वाचवायला कडी ते कडी २० सेंमीच ठेवलंत, तर मधलं १० सेंमी रबर थेट दुप्पट ताणलं जाईल. बहुतेक इलॅस्टिक दोऱ्यांचं विणलेलं आवरण दुपटीच्या आसपास ताठ होतं. रोज त्या टोकाला नेलेली दोरी लवकर मरते.

दुमडलेली टोकं बांधणं हा या कामातला खरा नाजूक भाग. नुसती गाठ मारू नका, आणि पत्र्याची क्लिप पकडीने दाबून बसवायचीही घाई नको. कारण साधं आहे: रबर ताणलं तरी त्याचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून ते बारीक होतं. दुप्पट ताणलं तर जाडी ७० टक्क्यांवर येते, ६ मिमीचं रबर ४.२ मिमी होतं. न ताणलेल्या दोरीवर घट्ट वाटणारी क्लिप ताणाखाली सैल पडते आणि टोक तिच्यातून सरकतं. बाजारातल्या दोऱ्यांचे हुक दोरीसकट निसटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून दोघांनी मिळून करा. एकाने दुमडलेल्या दोन्ही पदरांना ताणून धरायचं, दुसऱ्याने जाड दोरा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळायचा, १५ मिमी रुंदीचा थर होईपर्यंत. मग दोरीच्या दोन पदरांच्या मधून, या थरावरून आडवे तीन-चार वेढे घालून आवळायचं आणि गाठ मारायची. १ सेंमी सोडून तसाच दुसरा थर. ताण सोडला की रबर फुगून दोऱ्यात रुततं. टोकाची शेपटी दीड-दोन सेंमी बाहेर राहू द्या. ती आखूड होत गेलेली दिसली तर बांधणी सरकतेय हे लगेच कळतं.

शेवटी रबर आणि लोंबणारी पट्टी दोन्हींवर जीन्सची सैल नळी चढवून तिची टोकं टाके घालून शिवा. हे नटवणं नव्हे. लोंबणारा वेढा चाकाच्या स्पोकमध्ये गेला तर हुकाच्या फटक्यापेक्षा भयंकर प्रकार होतो. बकलमधून बाहेर उरलेली पट्टीही गुंडाळून खोचायची, वाऱ्यावर सोडायची नाही.

रबराचा कडकपणा विकत घेताना कळत नाही, दोन उत्पादकांच्या ८ मिमी दोऱ्या सारख्या निघत नाहीत. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा लावून मोजा: ८ सेंमी ताणाला ८ ते १० किलो ओढ मिळाली की पुरे. १२ च्या वर गेली तर ६ मिमीची दोरी घ्या. या मापात साठलेली ऊर्जा ४ ज्यूल भरते, म्हणजे आधीच्या पाचवा हिस्सा. शून्य नाही हे लक्षात ठेवा. टोक सुटलं तर वेग ताशी ३०-४० किलोमीटर येऊ शकतो, आणि डोळ्याला तेवढाही नको.

चाचणी वापरण्याआधी, घरी. दोन्ही भाग बकलने जोडून दोरी मजबूत पाइपला टांगा, खाली पाण्याचा भरलेला २० लिटरचा जार लावा, जमिनीपासून ५ सेंमी उंच. चष्मा किंवा गॉगल घालून, बाजूला उभं राहून. पंधरा मिनिटांनी शिलाई आणि शेपट्या तपासा. मग नळी चढवण्याआधी इलॅस्टिकचा एक नमुना ताणाखाली मुद्दाम कापून बघा. पट्टी जार धरून ठेवते की नाही हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. त्या वेळी वर जाड चादर टाका.

बांधताना दोन्ही फास आधी लावायचे, हाताने हलवून बघायचे, मग पट्टी बकलमधून ओवून खाली किंवा बाजूला ओढायची. चेहरा पट्टीच्या रेषेत येऊ द्यायचा नाही. सोडताना उलट: आधी बकल दाबून ताण काढा, मग फास. ताणात असताना कुठलंच टोक सोडायचं नाही.

इतकं शिवणकाम नको असेल तर पंक्चरवाल्याकडची जुन्या ट्यूबची पट्टी हुकवाल्या दोरीपेक्षा बरी, हे मी गमतीने म्हणत नाही. तिला हुक नसतो. शिवाय ट्यूब ब्युटाइल या कृत्रिम रबराची असेल तर ते रबर नैसर्गिक रबरापेक्षा आळशी असतं: ताणलेली ऊर्जा बरीचशी आत जिरवतं, तितक्या जोरात परत फेकत नाही. ऊन आणि हवेतल्या ओझोनलाही ते जास्त टिकतं. नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत उघड्यावर राहिलं की ओझोनमुळे ताणाला आडव्या बारीक चिरा पडतात. दोरीला विणलेलं आवरण असल्याने त्या दिसत नाहीत, म्हणून आवरण बोटांनी चाचपा: आत गाठी लागल्या, कुरकुर झाली, किंवा सोडल्यावर दोरी मूळ मापापेक्षा दहा टक्क्यांहून लांब राहू लागली, की टाकून द्या. रिकाम्या कॅरियरवर ताणून ठेवायची सवय मोडा. सायलेन्सरची धग आणि पेट्रोलचे थेंब दोन्हींपासून लांब ठेवा.

गच्चीवरच्या ताडपत्रीला ही पट्टी लागत नाही. तिथे प्रत्येक रिंगेत ट्यूबचा एक छोटा लूप आणि त्यापुढे साधी दोरी, एवढं पुरतं. वाऱ्याचा झटका रबर खातं आणि रिंग फाटत नाही.

टांगायच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. रबरावर वजन अलगद न ठेवता एकदम सोडलं तर क्षणभर दुप्पट ओढ बसते, आणि उंचावरून सोडलं तर त्याहून जास्त. कायम टांगलेलं रबर हळूहळू लांबतही जातं. गाडीत टांगायचं असेल तर आणखी एक भानगड: वजनाने रबर १० सेंमी ताणलं असेल तर ते सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होतं, आणि गाडीची बॉडीही जवळपास त्याच लयीत हलते. मग सामान उड्या मारायला लागतं. ताण २-३ सेंमीवर आणला की लय दुप्पट होते आणि प्रश्न मिटतो. गॅरेजमध्ये माणसांच्या डोक्यावर काही टांगत असाल तर रबर नको, सरळ साखळी. गॅस सिलिंडरही रबराने बांधू नका. भरलेलं घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतं, जोरात ब्रेक मारला की रबर ताणतं आणि सिलिंडर पुढे येतं. तिथे नुसती पट्टी आणि कॅम किंवा रॅचेट (दांडा मागेपुढे करून पट्टी आवळणारं) बकल.

आणि हुक डोळ्यालाच लागला तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, बर्फाने शेकायचं नाही. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्याला न टेकवता वर धरून, डोकं उंच ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, दिसायला नीट वाटत असलं तरी. आत रक्त साचणं, भिंग सरकणं, पडदा फाटणं हे बाहेरून दिसत नाही. दुखणं थांबवायला ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. अशा मारानंतर डोळ्यातला दाब पुढे कधीतरी वाढू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखांना तपासणी चुकवू नका.