‘१६ युनिट’ म्हणजे नेमके किती? घरी एनॉक्सापॅरिन देणाऱ्यांसाठी

ताई, कान फुटून आत पसरलेल्या संसर्गामुळे तुमच्या मुलीच्या सिग्मॉइड सायनसमध्ये, म्हणजे कानामागच्या डोक्यातल्या मोठ्या शिरेत, गुठळी झाली, आता एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिवसातून दोनदा घरीच टोचायचे आहे आणि डिस्चार्ज कार्डावर ‘१४ युनिट’ एवढेच लिहिले आहे, हे वाचले आणि आमचा मुलगा घरी आला ती संध्याकाळ आठवली. मी डॉक्टर नाही. खालचे आकडे आमच्या मुलाचे आहेत; तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

औषध का देतात हे तुम्हाला सांगितलेच असेल. मापाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आम्ही तिथेच फसलो. मुलाचे वजन १६ किलो, म्हणून दर बारा तासांनी १६ मिलिग्रॅम ठरले होते. तयार भरलेल्या सिरिंजमध्ये ४० मिलिग्रॅम औषध ०.४ मिलिलिटरमध्ये असते, म्हणजे आम्हाला हवे होते ०.१६ मिलिलिटर. वॉर्डातल्या सिस्टर ते इन्सुलिनच्या नारिंगी टोपणाच्या, मिलिलिटरला १०० युनिटच्या सिरिंजमध्ये घेत, त्यामुळे १६ युनिटच्या खुणेपर्यंत बरोबर १६ मिलिग्रॅम येत असे. कार्डावर मात्र नुसते ‘१६ युनिट’ आले, आणि मेडिकलवाल्याने काही न विचारता लाल टोपणाची, मिलिलिटरला ४० युनिटची सिरिंज हातात ठेवली. तिच्यात १६ म्हणजे ०.४ मिलिलिटर. मी खूण पाहून निर्धास्तपणे इंजेक्शन दिले आणि मग ट्रेमधली काचेची मूळ सिरिंज पाहिली, तर ती कोरडी होती. वॉर्डात तिच्यात निम्म्याहून अधिक औषध उरत असे. अडीचपट डोस गेला होता. ती रात्र पुन्हा रुग्णालयात निरीक्षणाखाली गेली. सुदैवाने रक्तस्राव झाला नाही, परंतु सकाळी कार्ड दुरुस्त करून मागितले तेव्हा ‘आम्ही नेहमी असेच लिहितो’ असे उत्तर मिळाले, त्याचा राग अजून गेलेला नाही. शिवाय औषधाच्या खोक्यावर ‘४००० आययू’ (इंटरनॅशनल युनिट, औषधाच्या ताकदीचे माप) छापलेले असते, ते युनिट आणखी निराळे.

माझे मत कोणाला अतिरेकी वाटेल, पण मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून मिळेपर्यंत पहिला डोस घरी देऊ नये. वॉर्डातली एक रिकामी सिरिंज, सुई काढून, मेडिकलमध्ये दाखवायला मागून घ्यावी आणि सिस्टरसमोर एकदा स्वतः औषध भरून दाखवावे.

किती दिवस, असे तुम्ही विचारले आहे. आमचे तीन महिन्यांनी एमआरव्ही, म्हणजे मेंदूतल्या शिरांचे एमआरआय, झाले, शीर मोकळी दिसली आणि औषध थांबले. मोकळी नसती तर सहा महिन्यांपर्यंत चालवू, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. अँटी-टेन-ए, म्हणजे औषधाचा परिणाम पुरेसा आहे का हे पाहणाऱ्या तपासणीचे, रक्त इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनीच द्यावे. आमचे एकदा डोसच्या आधीच घेतले गेले आणि तो आकडा निरुपयोगी ठरला. तापासाठी आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कार्डावर लिहिलेली नसेल तर स्वतःहून विचारावी, कारण डोक्यातला दाब वाढला तर नजर जाऊ शकते आणि एवढे लहान मूल कमी दिसत असल्याचे सांगत नाही.