कोयता एक, माणसं दोन

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आई-दादा (दादा म्हणजे वडील) दरवर्षी ऊसतोडीला जातात, मी आजीजवळ राहते. 'लिंगभाव भूमिकांविषयीच्या सिद्धांतांची तुलना करा' हा प्रश्न पेपरला हमखास येतो. सरांच्या नोट्स पाठ आहेत. पण संक्रांतीला आठ दिवस उसाच्या फडावर राहून आले आणि नोट्समधलं काहीच जुळेना. पार्सन्स म्हणतो, पुरुष बाहेर कमावतो आणि बाई घर सांभाळते. माझी आई दोन्ही करते. मग खरं कोणाचं मानायचं?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : पोरी, आधी पेपरचं बोलते. पेपरात नोट्समधलंच लिही, मार्क त्यालाच पडतात. आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ.

फडावर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, हे तू पाहिलंच असशील. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, ठरते ती कोयत्यावर, आणि मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव असतं तुझ्या दादांचं. ऊस दोघं तोडतात. मोळी बांधून डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढते ती बहुतेक वेळा आई. तिथून कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, आल्यावर दादा आडवे होतात, आई चूल पेटवते. पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात त्या वेगळ्याच. आता हे चित्र डोळ्यांपुढे ठेव आणि एकेका पंडिताला त्या कोपीत बोलावून बघ.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्सचं रॉबर्ट बेल्ससोबतचं कुटुंबावरचं पुस्तक १९५५ सालचं. नवऱ्याची भूमिका साधनात्मक, म्हणजे कमावण्याची, आणि बायकोची भावनिक, म्हणजे सांभाळण्याची. अशी वाटणी झाली की कुटुंब नीट चालतं, असं त्याचं म्हणणं. युद्धानंतरच्या अमेरिकेतलं मध्यमवर्गीय घर त्याच्या समोर होतं. नवऱ्याचा पगार महिना भागवायला पुरतो असं घर. तुझ्या आईच्या कोपीत हा माणूस अर्धा तासही टिकायचा नाही.

तरी त्याला फेकून देऊ नकोस. या वाटणीचा उपयोग काय, असं तो विचारतो, आणि तो प्रश्न चांगलाच आहे. फक्त पुढचं तो विचारत नाही : उपयोग कोणाला? दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा फडात उभी राहावीत म्हणून जी भाकरी लागते, ती साखर कारखान्याला फुकट मिळते. मुकादमाच्या हिशेबात ती कुठंच नाही.

मग मार्क्सचा सहकारी एंगल्स, १८८४. गुरंढोरं, जमीन अशी मालमत्ता पुरुषाच्या हाती आली, ती आपल्याच पोराकडे जावी म्हणून बाईवर पहारा बसला, ही त्याची मांडणी. आपल्याकडच्या सातबाऱ्यांवर कोणाची नावं असतात ते पाहिलं की मला ती पटते. पण त्याचंच पुढचं म्हणणं असं की, कामगाराच्या घरात मालमत्ताच नाही, म्हणून तिथं पुरुषाच्या वर्चस्वाला पाया उरत नाही. इथं कोयता त्याला आडवा जातो. तुमच्याकडे जमीन नाही आणि घरही नावापुरतं, तरी उचल दादांच्याच हातात पडते. जिथं वारसा ठेवायला काहीच नाही तिथंही वही त्याच्याच नावाची कशी, याचं उत्तर एंगल्सकडे नाही.

ते उत्तर शोधायला स्त्रीवादी अभ्यासक घरातच शिरल्या. अ‍ॅन ओकलीने लंडनमधल्या चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेतल्या. १९७४ साली आलेल्या त्या अभ्यासात घरकामाचे तास मोजले, तर आठवड्याला सरासरी ७७ भरले. घरकाम हे प्रेम नसून काम आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण तेवढं म्हणायला १९७४ साल उजाडावं लागलं. पुढे १९८९मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्डने नोकरी करून आलेल्या बाईच्या घरातल्या 'दुसऱ्या पाळी'विषयी लिहिलं. आपल्या सरकारनेही २०१९मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाचे ९७. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले सव्वीसच.

मला विचारशील तर, ओकली मी बावीस वर्षं शिकवली. आमच्या अंबाजोगाईच्या घरात आम्ही दोघंही प्राध्यापक. हे टेबलाशी बसून पेपर तपासायचे, मी स्वयंपाकघरातल्या पाटावर. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एकदा एका पोराला पंधरापैकी अठरा मार्क दिले. पाटावर मला कोणी बसवलं नव्हतं. मीच जाऊन बसत होते. वेस्ट आणि झिमरमन या समाजशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये लिहिलं की बाईपण-पुरुषपण आपण रोजच्या वागण्यातून घडवत राहतो. ते वाचलं तेव्हा मला त्या अठरा मार्कांचीच आठवण झाली.

पण हे सगळं सांगूनही एक गोष्ट राहते, आणि ती तुझ्या वयाच्या पोरीशी नोट्समध्ये कोणी बोलत नाही. आई-बाप तोडीला गेले की वाढत्या पोरीची गावात 'जबाबदारी' होते. 'कुठं काही झालं तर' म्हणून लग्न उरकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. त्या 'कुठं काही'चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पोरीने जातीबाहेर पाऊल टाकू नये, हाच. याचं सर्वांत नेमकं विवेचन मला ओकलीत किंवा एंगल्समध्ये सापडत नाही. ते बाबासाहेबांच्या १९१६च्या, न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात सापडतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर ताबा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे त्या ताब्याचेच प्रकार, असं त्यांनी मांडलं. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. तुझ्या नोट्समध्ये हे 'जातिव्यवस्था' या प्रकरणात असेल, 'लिंगभाव' मध्ये नसेल. तू मात्र पेपरात ते लिंगभावाच्याच उत्तरात घाल.

आणि खाडा. एक दिवस बुडाला की पैसे कापले जातात, मग पाळीच्या दुखण्यातही सुट्टी परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याची चौकशी करायला २०१९मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या निघाल्या. वर्ग, बाईपण आणि जात यांचे धडे पुस्तकात वेगवेगळे असतात, तिथं ते एकाच बाईच्या पोटावरच्या टाक्यांत दिसतात. म्हणून 'खरं कोणाचं' असं मी विचारणार नाही. वही नवऱ्याच्या नावाची का, भाकरी तिनेच का थापायची, लग्नाची घाई कशाला, हे प्रश्न वेगळे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा माणूस लागतो. पार्सन्स यातल्या एकालाही लागत नाही, हे माझं मत. सरांना सांगू नकोस.

प्रश्न : बायकांची आणि पुरुषांची कामं निसर्गानेच ठरवलेली नाहीत का? ताकदीत फरक आहेच.
– एक वाचक, औसा

उत्तर : असेलही. पण मग ओल्या उसाची मोळी डोक्यावर बाईच्या का? विहिरीवरून डोक्यावर आणायचं तोवर पाणी बायकांचं असतं, तेच मोटरसायकलला कॅन अडकवून आणायचं झालं की पुरुषांचं होतं. वजन वाढलं म्हणून काम बदललं नाही, चाक आलं म्हणून बदललं. एस्टर बोसरुप या अर्थतज्ज्ञ बाईने १९७०मध्ये शेतीबद्दल हेच दाखवलं होतं : नवं अवजार येतं ते पुरुषाच्या हातात, बाईकडे हातानं करायचं काम उरतं. आपल्याकडे ट्रॅक्टरवर कोण आणि खुरप्यावर कोण, ते बांधावर उभं राहिलं तरी दिसतं. या उन्हाळ्यात तुमच्या गल्लीत टँकर आला की पाइप कोण धरतं आणि हंडे कोण उचलतं, तेवढं पाहून मला कळवा.