कंबर दुखत असताना पिलाटीज केलं तर गादी अजून सरकेल का?

हा प्रश्न मला इतके लोक विचारतात ना, की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. (पिलाटीज म्हणजे श्वासाबरोबर सावकाश करायचा, पोट-कमरेच्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि गादी म्हणजे दोन मणक्यांमधली डिस्क.) शब्द थोडेफार बदलतात पण गाभा तोच असतो, "मॅडम, डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, फिजिओ म्हणतात पिलाटीज करा, पण आधीच मणक्यात गॅप आहे, त्यात काही उलटसुलट झालं आणि कायमची अंथरुणाला खिळले तर घरच्यांचं कोण करणार?" मी समुपदेशक आहे, पुण्यात, आणि जुन्या दुखण्याचे पेशंट माझ्याकडे बहुतेक फिजिओंकडूनच येतात. आल्या आल्या बरेच जण थोडे चिडलेलेच असतात, म्हणजे आमचं दुखणं मनाचं आहे असं म्हणायचंय का तुम्हाला. नाही हो, दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण तीन महिन्यांच्या वर कंबर दुखत राहिली की नुसत्या दुखण्याबरोबर दुखण्याची धास्तीही शरीरात घर करते, आणि त्या धास्तीचं काम माझ्याकडे असतं.

एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच, आणि त्यांची ओळख पटेल असं सगळं बदलून. वय साधारण पन्नास, शाळेच्या ऑफिसात क्लार्क, दिवसभर खुर्चीत. चार वर्षांपूर्वी सिलेंडर सरकवताना कमरेत लचक भरली, ती काही आठवड्यांत बरी व्हायला हवी होती पण झाली नाही, मग एमआरआय, रिपोर्टात डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, आणि कोणीतरी सांगितलं "आता आयुष्यात वाकायचं नाही". हे एक वाक्य त्यांनी इतकं मनावर घेतलं की चार वर्षांत त्या जमिनीवर बसल्या नाहीत. मांडी घालणं बंद, केर काढणं बंद, पाण्याची कळशी नवऱ्याने उचलायची, लग्नात पंगत असेल तर जायचंच नाही, माहेरी जायचं तर एसटीत हादरे बसतात म्हणून तेही बंद. कमरेला पट्टा सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि एवढं सगळं जपूनही दुखणं कमी नाहीच, उलट आता पाठीवरून मांडीपर्यंत ताठरल्यासारखं वाटतं म्हणाल्या. मला हे ऐकताना फार वाईट वाटतं, कारण माणूस इतक्या प्रामाणिकपणे सगळं पाळत असतो आणि पाळलेलंच त्याला अजून कमजोर करत जातं.

त्यांची मुलगी मुंबईत नोकरीला, ती स्वतः पिलाटीज करते, तिने आईच्या मागे लागून लागून एक व्हिडिओ पाठवला. ताईंनी तो पलंगावर, गादीवर करून बघितला. पाठीवर झोपून मान-खांदे वर, दोन्ही पाय हवेत सरळ, हात जोरजोरात खालीवर. तो पिलाटीजमधला हंड्रेड नावाचा प्रकार, आणि तो पहिल्या दिवशी चार वर्षं न हललेल्या माणसाने करायचा नसतोच. पोटाला एवढी ताकद नव्हती, श्वास कोंडला, गादी मऊ, सगळा ताण कमरेवर. दोन दिवस झोपून काढले. झालं, मनात पक्कं बसलं, बघा मी म्हणत नव्हते का, व्यायाम मला सोसत नाही. मुलीशीसुद्धा बोलणं कमी झालं होतं त्यावरून, हे त्यांनी खूप उशिरा सांगितलं.

आमच्या फिजिओंनी आधी त्यांना नीट तपासलं, ते मी नेहमी आधीच विचारते. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, उगाच वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, मोठा मार लागलेला असणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, बाकी गोष्टी नंतर, आणि पहिल्या तीन गोष्टी असतील तर थांबायचंच नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. ताईंचं यातलं काहीच नव्हतं.

मग रिपोर्टचं बोललो. त्या तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे बरोबर न्यायच्या. मी त्यांना 2015 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आढाव्याबद्दल सांगितलं, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन त्यात बघितले होते, आणि पन्नाशीच्या लोकांमध्ये साधारण 60 टक्के लोकांना डिस्क बल्ज होता आणि 80 टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज होती. दुखत नसलेल्यांमध्ये! त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मिस्टरांचा काढला तर त्यांचाही निघेल?" निघू शकतो की. पण मग दुखतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. लचक भरली तेव्हा शरीराने धोक्याची सूचना दिली ती बरोबरच होती, पण जखम भरून गेली तरी मज्जासंस्था सावधच राहते, एकदा चोरी झालेल्या सोसायटीत वॉचमन पेपरवाल्यालाही अडवायला लागतो तसं. दुखणं खरं, पण प्रत्येक कळ म्हणजे आत काहीतरी तुटतंय असं नाही. हे नुसतं सांगून कोणाला पटत नाही, पटायलाही नको, ते अंगाने अनुभवावं लागतं, आणि इथे पिलाटीज मला फार उपयोगी वाटतं.

ताईंना ते सिनेमातल्या हिरॉइनींचं, मोठ्या मशिनवरचं, पैसेवाल्यांचं काम वाटायचं. खरं तर ही पद्धत ज्यांनी काढली ते जोसेफ पिलाटीस, जन्म 1883 चा, जर्मनीतले, लहानपणी दमा आणि मुडदूस असलेलं आजारी पोर होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना नजरकैदेत ठेवलं तिथे त्यांनी बरोबरच्या कैद्यांना व्यायाम शिकवला, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ काढला तेव्हा नाचणारे लोक दुखापती घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. रिफॉर्मर नावाचं ते स्प्रिंगवालं मशिन छान असतं पण सुरुवातीला लागतच नाही, सतरंजी किंवा योगा मॅट पुरते. आणि मूळ प्रकार जसेच्या तसे कंबरदुखीवाल्याला देत नाहीत, फिजिओ ते सोपे करून देतात. ताईंचं पहिलं सेशन म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून नुसतं बरगड्या फुगतील असा श्वास घेणं आणि सोडताना ओटीपोट हलकंसं आत, बस. मग माकडहाड किंचित वर-खाली करणं, दोन्ही गुडघे एका बाजूला थोडेसे झुकवणं, पुढे ब्रिज, म्हणजे पाय टेकवून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं, रांगण्याच्या पोझमध्ये एक हात एक पाय लांब करणं.

माझं काम यात काय होतं? फिजिओंबरोबर बसून एकच गोष्ट करायची, प्रत्येक नव्या हालचालीआधी ताईंना विचारायचं, 10 पैकी किती दुखेल असं वाटतं, आणि काय होईल असं वाटतं. ब्रिजला त्या म्हणाल्या 8, आणि "कट्कन आवाज येईल आणि मला उठता येणार नाही". केला. दुखलं 4. आवाज आला नाही. उठता आलं. हे मी वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं, अंदाज एका बाजूला, झालं ते दुसऱ्या बाजूला. पुढच्या वेळी परत. अंदाज हळूहळू खाली यायला लागला आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःच पट्टा घरी ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं. (पट्ट्याबद्दल सांगायचं तर 2023 च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) रोजच्या उपचारात नकोत असंच म्हटलंय, आणि ठरवून केलेला व्यायाम हवा असं म्हटलंय.)

मिस्टरांनाही एकदा बोलावलं. फार भला माणूस, "तू राहू दे, मी करतो" हे दिवसातून शंभरदा. त्यांना सांगितलं की काळजी करू नका असं म्हणत नाही मी, पण "राहू दे" ऐवजी "थोडं तू कर, थोडं मी" म्हणा. त्यांना आधी ते निर्दयपणाचं वाटलं. माझ्या मते घरच्यांशी हे बोलल्याशिवाय अर्ध्या केसेस पुढे सरकतच नाहीत, तासभर व्यायाम आणि उरलेले तेवीस तास काचेचं भांडं असल्यासारखं जपणं, यातून शरीर काय शिकणार.

सरळ रेषेत काहीच झालं नाही हेही सांगते. दिवाळीत त्यांनी उत्साहाने माळा साफ केला आणि कंबर धरली. फोनवर रडत होत्या, परत शून्यावर आले म्हणाल्या. आमच्या फिजिओंचा नियम असा की व्यायामानंतर दुखणं एक-दोन आकड्यांनी वाढलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं तर घाबरायचं नाही, त्याहून जास्त झालं तर प्रमाण कमी करायचं, पण बंद करायचं नाही. तसंच केलं, काही दिवस परत फक्त श्वास आणि माकडहाड हलवणं, आणि घरात चालणं. पाचव्या दिवशी त्या ब्रिजवर परत आल्या, चार वर्षांपूर्वी कंबर अशीच धरली तेव्हा त्यांनी अख्खं आयुष्य थांबवलं होतं.

आता मूळ प्रश्नावर येते. तपासणी होऊन धोक्याची लक्षणं नाहीत असं कळलं असेल आणि हळूहळू, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली केलं तर पिलाटीजने गादी सरकेल या भीतीपोटी थांबून राहू नका. पण चमत्काराची अपेक्षाही नको, 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) 10 अभ्यास, 510 लोक होते, त्यात काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटीजने दुखणं आणि अडचण कमी झालेली दिसली, पण बाकीच्या व्यायामांपेक्षा ते भारी आहे असं काही ठाम दिसलं नाही. म्हणून कोणाला चालणं आवडतं, कोणाला योगासनं, कोणाला पोहणं, तर ते करा, जे सहा महिन्यांनीही कराल ते निवडा. मी घाबरलेल्या माणसाला पिलाटीज सुचवते कारण ते झोपून, सावकाश, श्वासाबरोबर सुरू होतं आणि सोपं करत करत अगदी छोट्या हालचालीपर्यंत आणता येतं.

क्लास लावायच्या आधी शिकवणाऱ्याला विचारा की कंबरदुखीच्या लोकांना शिकवलंय का, ग्रुपमध्ये किती जण असतात, आणि मला एखादं जमलं नाही तर त्याऐवजी काय द्याल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा क्लास बघा. हाडं ठिसूळ झालेली असतील तर आधी सांगा, पुढे गोल वाकून उठायचे प्रकार तुम्हाला द्यायचे नसतात. गरोदर असाल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि महिन्याची फी झेपत नसेल तर फिजिओकडून तीन-चार प्रकार नीट शिकून घ्या, घरी जमिनीवर करा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा दाखवून या, ताई सध्या तेच करतायत.