मुलाखतीत स्ट्रिंग कॉपीचे फंक्शन लिहिताना लूप बरोबर असूनही उत्तर अपुरे का ठरते?

सी भाषेच्या मुलाखतीत आपण एका ओळीचा व्हाइल लूप लिहिला, तो अचूक चालतो, तरीही समोरच्याचे समाधान का झाले नाही, असे आपण विचारले आहे. अशा मुलाखती मी स्वतः घेतो. लूप पाहून मला इतकेच कळते की उमेदवाराला पॉइंटर (मेमरीतील पत्ते साठवणारी चले) येतात. गंतव्य जागा किती मोठी आहे हे तो विचारतो का, याकडे माझे खरे लक्ष असते.

आपला लूप आधी बाइट लिहितो आणि मग तो शून्य आहे का ते पाहतो, त्यामुळे स्ट्रिंग संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्यही कॉपी होते. हा क्रम उलटवणारे बरेच जण ते शून्य लिहायचेच विसरतात. परंतु फंक्शनला मिळतात फक्त दोन पत्ते. त्याच्या आत साइझऑफ (आकार सांगणारा ऑपरेटर) वापरल्यास ६४-बिट यंत्रणेवर सहसा ८ हे उत्तर येते, आणि तो पॉइंटरचा आकार असतो, ॲरेचा, म्हणजे प्रत्यक्ष जागेचा, नव्हे. म्हणून आकार हा तिसरा पॅरामीटर मागून घ्यावा.

‘कमळ’ हा शब्द घ्या. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत त्याची तीन अक्षरे ९ बाइट व्यापतात आणि शेवटच्या शून्यासह १० बाइट लागतात. गंतव्य ९ बाइटचे असेल, तर आपला लूप ते शून्य शेजारच्या जागेत लिहितो. स्ट्रएनकॉपी या सीमधील आकार घेणाऱ्या तयार फंक्शनला ९ हा आकार दिला, तर ते शून्य लिहितच नाही, आणि पुढे ती स्ट्रिंग वाचणारा कोड हद्दीपलीकडे वाचत जातो. माझ्या मते ही चूक अधिक घातक, कारण ती लिहिणाऱ्याला आपण काळजी घेतली असेच वाटत असते.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधून १९९८ साली आलेले स्ट्रएलकॉपी हे फंक्शन (जीलिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीत ते २०२३ साली आले) जागेत मावेल तेवढेच लिहिते, शून्याने शेवट करते आणि मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देते, त्यामुळे मजकूर तुटला का हे बोलावणाऱ्याला तपासता येते. मुलाखतीत मी हाच करार पाळायला सांगेन. दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर हे फंक्शन वापरायचे नाही, तिथे मेममूव्ह हे फंक्शन हवे, हेही बोलून दाखवा.

आकार ० असेल, तर मात्र एकही बाइट लिहू नका. कारण शेवटच्या शून्यासाठी अशा आकारातून १ वजा करताना, तो प्रकार अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारा) असल्याने, ऋण संख्येऐवजी प्रचंड मोठी संख्या मिळते आणि तपासणी असूनही लूप हद्द ओलांडतो.