पाचारण आहे, पण खुर्ची कोणती?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. दोन वर्षं लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करते आहे आणि दर रविवारी संडे स्कूल घेते. आता तिला नोकरी सोडून, मंडळ्यांना (चर्चमधल्या भाविकांच्या समूहांना) आधार देणाऱ्या आणि त्यांच्या पाळकांना म्हणजे धर्मगुरूंना, पुढाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत जायचं आहे. त्याआधी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात राहून ईश्वरविज्ञानाचा (ख्रिस्ती धर्मशास्त्राचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. तिचे वडील विचारतात, ‘पाळक व्हायचं नाही, तर सेमिनरीत कशाला?’ आणि तुम्ही विचारता, याला करिअर म्हणायचं का?

म्हणायचं, नक्की म्हणायचं. पण वडिलांचा प्रश्न रागातून आलेला असला तरी चुकीचा नाही.

अशी संस्था बाहेरून एकजिनसी दिसते, आत मात्र खुर्च्या वेगवेगळ्या असतात. कुणी पाळकांना शिकवतं, कुणी अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार करतं, कुणी देणगीदारांशी संपर्क ठेवतं, कुणी पैसा सांभाळतं. ईश्वरविज्ञानाची पदवी लागते ती मुख्यतः शिकवणाऱ्याला, आणि त्यालाही नुसती पदवी पुरत नाही. ज्यानं कधी अंत्यविधी चालवला नाही, मंडळीतल्या दोन घरांमधला वाद मिटवला नाही, त्याचं पाळकांनी का ऐकावं? तुमच्या मुलीचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय: ‘मला मंडळ्यांसाठी काहीतरी करायचंय.’ इच्छा खरी वाटते, पाचारण म्हणजे सेवेसाठी देवाची हाकही असेल, पण त्यात खुर्ची कुठेच नाही. ती ठरण्याआधी तीन वर्षं देणं मला घाईचं वाटतं.

माझा अंदाज असा, की हिशेबाचं काम तिला पुरेसं ‘आत्मिक’ वाटत नसावं. हा समज मी बऱ्याच मुलांमध्ये पाहिला आहे. तिला म्हणावं, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाच. पहिल्याच मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांची आबाळ झाली, कुरकुर सुरू झाली, आणि त्या कामासाठी सात माणसं निवडली गेली. अट काय होती? चांगलं नाव, पवित्र आत्म्यानं परिपूर्ण असणं आणि शहाणपण. वाटपाच्या कामाला इतकी कडक अट! त्या काळचा प्रेषित पौल, त्यानं यरुशलेमच्या गरजूंसाठी वर्गणी गोळा केली तेव्हाही मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, का, तर या मोठ्या रकमेबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात हे आहे. लेखापरीक्षणाचं मर्म याहून वेगळं काय असतं?

आज या कामाची गुंतागुंत वाढली आहे. देणगीदारानं पाळकांच्या प्रशिक्षणासाठी दिलेला पैसा चर्चच्या गळक्या छपरावर खर्च करता येत नाही, गरज कितीही खरी असो. प्रत्येक निधीचा हिशेब वेगळा, प्रत्येकाचा अहवाल वेगळा. देश ओलांडून पैसा आला तर दोन्हीकडचे कायदे. उपदेश करू शकणारी माणसं या संस्थांना मिळतात. प्रकल्पाचं अंदाजपत्रक समजणारं आणि मंडळीचं अंतरंगही ओळखणारं माणूस चटकन मिळत नाही. तुमची मुलगी नेमकी तिथे उभी आहे.

म्हणजे ईश्वरविज्ञान शिकूच नये का? शिकावं, पण नोकरी न सोडता. यामागे एक छान इतिहास आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या एका सेमिनरीच्या लक्षात आलं, की गावोगावच्या मंडळ्या प्रत्यक्षात ज्यांच्या खांद्यावर चालतात ती माणसं शेती, धंदा, घर सोडून वसतिगृहात येऊच शकत नाहीत. मग 1963मध्ये त्यांनी सेमिनरीच लोकांकडे नेली. घरी स्वतः अभ्यास करायचा, ठरलेल्या दिवशी शिक्षकाबरोबर गटात चर्चा करायची, आणि शिकलेलं आपल्या मंडळीत लगेच वापरायचं. ही पद्धत पुढे जगभर पसरली. तुमच्या मुलीनं अशाच अभ्यासक्रमात नाव घालावं. ती पुढे ज्या संस्थेत जाईल तिथले विद्यार्थी कसे शिकतात, हेही तिला आतून कळेल. शिकवण्याच्या खुर्चीची ओढ पुढे खरोखर लागली, तर पूर्णवेळ सेमिनरी आहेच.

आता संस्था कशी निवडायची? कामाचे प्रकार कळण्यासाठी लँगहॅम पार्टनरशिप या संस्थेची रचना पाहता येईल. तिची मुळं इंग्लंडमधले पाळक आणि लेखक जॉन स्टॉट यांनी 1969मध्ये सुरू केलेल्या न्यासात आहेत. तिथे उपदेशकांचं प्रशिक्षण, पाळकांसाठी पुस्तकं आणि ईश्वरविज्ञानाच्या भावी प्राध्यापकांना डॉक्टरेटसाठी मदत असे तीन प्रवाह आहेत. शिकलेल्यानं परत जाऊन आपल्याकडे इतरांना शिकवावं, ही त्यामागची कल्पना. पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला सांगितलं होतं तेच.

मुलाखतीत तिनं एक प्रश्न आवर्जून विचारावा: तुमची मदत थांबली तर त्या मंडळीचं काय होईल? एकोणिसाव्या शतकात लंडनचे हेन्री व्हेन आणि बोस्टनचे रुफस अँडरसन, दोघेही मिशनरी संस्थांचे सचिव, याच प्रश्नाशी झगडत होते. मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः पेलावा आणि प्रसारही स्वतः करावा, असं दोघांचंही म्हणणं होतं. पाळकाचा पगार वर्षानुवर्षं बाहेरून येत राहिला, तर मंडळीला द्यायची सवयच लागत नाही आणि पाळकाचं लक्ष लोकांऐवजी देणगीदाराकडे राहतं. संस्थेनं यावर विचार केलेला असेल तर उत्तर लगेच मिळेल. ‘आम्ही इतक्या पाळकांना प्रशिक्षण दिलं’ एवढंच ऐकू आलं, तर तिनं पुढे विचारावं, की दोन वर्षांनी त्यांच्या मंडळीत काय बदललं, हे कोण पाहतं?

पगाराचं तुम्ही संकोचून विचारलंय. संकोच नको. काही ख्रिस्ती संस्था नेहमीसारखा पगार देतात. काहींमध्ये मात्र कार्यकर्त्यानं स्वतःचा खर्च मित्र, नातेवाईक आणि मंडळ्यांकडून दरमहा देणग्या मिळवून उभा करायचा असतो. ही पद्धत लपवाछपवीची नाही, जुनी आणि उघड आहे. 1865मध्ये चीनमधल्या कामासाठी स्थापन झालेल्या चायना इनलँड मिशननं तर आपल्या मिशनऱ्यांना ठरलेल्या पगाराची हमीच दिली नव्हती. पण हे रुजू झाल्यावर कळू नये. नेमणूकपत्र, रजा, आजारपणातली सोय लेखी मागावी. त्यावर कुणी ‘पाचारण असलेला माणूस असं विचारत नाही’ म्हणालं, तर तिनं नम्रपणे चहाचा कप ठेवून उठावं. पाचारण देवाकडून येतं, त्याच्या आडून मालक फुकट काम करून घेणार असेल तर ते वेगळं प्रकरण आहे.

विश्वस्त मंडळात एकाच घरातली माणसं आहेत का, ताळेबंद मागितल्यावर दाखवतात का, मुलांमध्ये काम असेल तर त्यांच्या सुरक्षेचे लेखी नियम आहेत का, हे तर तुमची मुलगी मला शिकवेल.

जोखीम एकच मोठी: बरीच पदं एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर असतात आणि निधी संपला की पदही जातं. म्हणूनच तिचा लेखा विषयातला हात सुटू नये, एवढं तिच्या वडिलांच्या वतीनं मी सांगतो. पौलही तंबू करण्याचं काम जाणून होता.

तूर्त राजीनामा नको. वर्षअखेरीचे हिशेब जुळवताना लहान संस्थांची तारांबळ उडते. अशा एका संस्थेत तिनं शनिवारी जाऊन ते काम करावं आणि एकदा त्यांच्या प्रशिक्षण वर्गात मागच्या बाकावर बसावं. घरी आल्यावर ती आधी कशाबद्दल बोलते, वर्गाबद्दल की हिशेबाबद्दल, तेवढं मला कळवा.