चहाच्या यंत्राकडे काय सोपवावे?

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचा विक्रीचा आराखडा लक्षपूर्वक वाचला. एका बटणावर चहा होतो, प्रत्येक कपाची चव सारखी येते आणि माणसाला काहीच करावे लागत नाही, असे यंत्राचे तीन गुण तुम्ही पहिल्याच पानावर मांडले आहेत. यांतला तिसरा गुणच तुमच्या विक्रीच्या आड येईल, अशी मला शंका आहे. पिढ्यानपिढ्या चहा पिणाऱ्या घरात चहा करणे हा सगळाच त्रास आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात त्यातला थोडाच भाग नकोसा असतो, आणि तो नेमका कोणता हे कळल्यावाचून यंत्र बाजारात उतरवणे घाईचे ठरेल.

ब्रिटनमध्ये टेटले या चहाच्या कंपनीने 1953 साली टी-बॅग आणल्या, तेव्हा तिथल्या चहाबाजांनी नाके मुरडली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाही बाजारातला टी-बॅगचा वाटा 3 टक्क्यांच्या आतच होता. पुढे मात्र जवळजवळ सगळा बाजार त्यांनी व्यापला. यात माझ्या मते मोठा वाटा एका गोष्टीचा आहे : किटली, उकळते पाणी, वरून ओतायचे दूध आणि रंग पाहून थांबण्याचा निर्णय, हे सगळे टी-बॅगने जिथल्या तिथे ठेवले आणि चोथा काढून भांडे घासण्याचे काम तेवढे वाचवले. तुर्कस्तानातही विजेवर चालणारी यंत्रे जुन्या दुमजली चहादाणीचेच रूप घेऊन आली. खाली पाणी, वर दाट अर्क, आणि आपल्या पेल्यात किती पाणी मिसळायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका यंत्राच्या चाचणीसाठी मी एका घरी बसलो होतो, आणि त्या यंत्राच्या आराखड्यावर माझीही सही होती. भांडे स्टीलचे, झाकण पक्के. घरातल्या आजींनी बटण दाबले आणि अर्ध्या मिनिटाने झाकण उघडून आत डोकावल्या. झाकण उघडले की यंत्र बंद पडावे, अशी सोय आम्ही सुरक्षेसाठी मोठ्या अभिमानाने केली होती. तीनदा असे झाल्यावर त्यांनी भांडे उचलून सरळ गॅसवर ठेवले आणि म्हणाल्या, “रंग दिसल्याशिवाय कसं कळणार हो?” झाकणाला काचेची एक खिडकी असती, तर ती दुपार वेगळी गेली असती.

सारख्या चवीचा आग्रहही जरा सैल करा. चहा तपासणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे : 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि 6 मिनिटे. वेगवेगळ्या चहांची तुलना करता यावी, एवढाच त्याचा हेतू. घरात मात्र एकाला कडक लागतो आणि दुसऱ्याला फिका. तेव्हा पत्तीचे प्रमाण आणि उकळण्याचा वेळ माणसाच्या हाती राहू द्या. उतू जाणार नाही याची राखण तेवढी यंत्राने करावी.

जिथे दूध आणि पत्ती एकत्र उकळतात, तिथे ही राखण हेच तुमचे खरे भांडवल आहे, आणि खरी परीक्षाही तीच. दूध तापले की प्रथिने व स्निग्धांश यांची साय पृष्ठभागावर धरते, तिच्याखाली वाफ कोंडते आणि क्षणात सगळे वर येते. म्हणून केवळ तापमान मोजणारा सेन्सर पुरणार नाही, फेसाची उंची ओळखणारा हवा. त्याहून चिवट अडचण स्वच्छतेची. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे दुधातली प्रथिने तापलेल्या धातूला चिकटू लागतात, आणि बारीक नळीत तो थर बसला की दोन दिवसांत वास मारू लागतो. दूध नळीतून नेऊच नका. उघडे, रुंद तोंडाचे, हात आत जाऊन घासता येईल असे भांडे द्या, मग ते दिसायला कितीही जुनाट वाटो. जाहिरात विभाग कुरकुर करील; करू द्या.

पाण्याचेही तसेच. जड पाण्याने हीटरवर क्षारांचा थर बसतो आणि चहावर तवंग येतो. ज्या भागात विक्री करायची, तिथले पाणी आधी तपासा आणि सायट्रिक ॲसिडने यंत्र कसे साफ करायचे हे विकतानाच करून दाखवा. किमतीबद्दल मी काही सांगत नाही, ते गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले जमते.

मोठा समारंभ करून सुरुवात करू नका. तीस-चाळीस घरांत यंत्रे द्या आणि दीड महिन्याने न कळवता जा. यंत्र ओट्यावर आहे की माळ्यावर गेले आहे, पाहुणे आले की कोणते भांडे बाहेर निघते आणि झाकणाच्या कडेला दुधाची पुटे चढली आहेत का, एवढेच पाहा. विक्रीचे आकडे नंतर पाठवलेत तरी चालेल. आधी त्या ओट्यांची हकिकत कळवा.

तुमचा हितचिंतक