फौंड्री सोडून टिपरवर जाऊ का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भाऊंचा मेसेज आलाय. वय 28, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत सहा वर्षं झाली, पीएफ-ईएसआय कापून हातात 17,500 येतात, दिवाळीला 12,000 बोनस. गावातला मित्र खडी क्रशरवर टिपर चालवतो, त्याचा मालक म्हणतोय तू पण ये, 18,000 पगार, रोज 300 भत्ता, वर खेपेला 50. आणि मामांचं म्हणणं असं की दुसऱ्याची गाडी कशाला हाकायची, जुना दहाचाकी टिपर 14 लाखाला मिळतोय, पीएफ काढ, बायकोचं सोनं ठेव, उरलेल्या 10 लाखाला फायनान्स कर. घरी आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

भाऊ, ड्रायव्हर व्हायचं म्हणताय त्याला माझा विरोध नाही. हेवी लायसन हातात असलेला माणूस उपाशी राहत नाही, हे मी बघितलंय. पण मामांच्या गाडीला आत्ता माझं स्पष्ट नाही आहे, आणि नोकरीचा हिशोब तुम्ही जो मांडलाय तो अर्धाच आहे.

तुम्ही 17,500 च्या समोर 30,000 ठेवलेत. 24 दिवस, दिवसाला चार खेपा धरल्या की 18,000 अधिक 7,200 अधिक 4,800, बरोबर 30,000 होतात, मान्य. पण हे जानेवारी-फेब्रुवारीचं झालं. आपल्या खानापूर भागात मिरगाचा पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं, कच्च्या रस्त्यावर लोड गाडी रुतते, बांधकामं थांबतात, मग खेप कुठली आणि भत्ता कुठला, पगारही पुरा मिळेल याची खात्री नाही. माझ्याकडे एक टिपरवाले येतात, त्यांची खिशातली छोटी वही आहे, कडा डिझेलने काळ्या झालेल्या, रोजच्या खेपांच्या उभ्या रेघा मारलेल्या, पाच झाल्या की आडवी. मार्चचं पान गच्च भरलेलं, जुलैच्या पानावर सगळ्या मिळून अकरा रेघा. पुढचं पान कोरं, त्यावर फक्त मालकाकडून घेतलेली उचल लिहिलेली.

म्हणून आठ महिने 30,000 आणि पावसाचे चार महिने 12,000 धरा, सरासरी 24,000 येते. त्यातून भत्त्यातले निम्मे तरी चहा-जेवणात जातात, कारण डबा रोज जमत नाही, म्हणजे घरी पोचणार साडेएकवीस हजाराच्या आसपास. आता फौंड्रीकडे बघा, 17,500 हातात, तुमचा पीएफ 1,800 कापला जातोय असं धरू, तेवढेच कंपनी भरते, बोनसचे महिन्याला 1,000, झाले 22,100. त्यावर ईएसआय आहे, आईचं औषध आणि मुलीचं आजारपण त्यात निघतं. म्हणजे पहिल्या वर्षी टिपरवर जाऊन तुम्ही पैशाने पुढे जात नाही, आहात तिथेच राहता, आणि कवच मात्र जातं.

मग जायचंच नाही का? जायचं, पण तीन-चार वर्षांनी मिळणाऱ्या कामासाठी जायचं. अनुभवी हेवी ड्रायव्हरला रस्त्याच्या मोठ्या कंत्राटात, खाणीवर काम मिळू शकतं, जिथे पीएफ भरतात आणि पगार बारा महिने चालू असतो. तिथवर पोचायचा खर्च कमी ठेवायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमचं कारचं लायसन दोन वर्षांचं आहे, ट्रान्सपोर्ट लायसनसाठी ते एक वर्ष जुनं असावं लागतं, आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, आणि मेडिकल लागेल. तुम्ही 14,000 फी लिहिलीय, ती द्या, सुट्टीच्या दिवशी आणि सेकंड शिफ्टच्या सकाळी शिका, नोकरी न सोडता. रिकाम्या प्लॉटवर हौदा उचलायला शिका, कारण रस्त्यावर चालवणं बरेच जण शिकतात पण एका बाजूला खचलेल्या जमिनीवर जॅक वर गेला की लोड सरकून गाडी आडवी होते, आणि वर विजेची तार आहे का हे आधी केबिनमधून उतरून बघायचं असतं.

मामांच्या गाडीचं सांगतो. 10 लाख, 14 टक्के, चार वर्षं, हप्ता साधारण 27,300. पावसाच्या चार महिन्यांत नुसत्या हप्त्याला 1 लाख 9 हजार लागतात, गाडी दारात उभी असताना. दहा टायर आहेत, जुन्या गाडीचे कधी बदलायला येतील सांगता येत नाही, आठ वर्षं उलटली की आरटीओची फिटनेस तपासणी दरवर्षी. हप्ता भरायचा म्हणून मग लोक ओव्हरलोड करतात, आणि कायद्यात ओव्हरलोडला 20,000 अधिक दर जादा टनाला 2,000 दंड आहे, दहा टन जास्त निघाले की 40,000 गेले, महिनाभराची कमाई. शिवाय काम एकाच क्रशरचं. आपल्या शेजारी गोव्यात 2012 ला खाणी थांबल्या, परत 2018 ला थांबल्या, हजारो ट्रक उभे राहिले, सरकारला ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना काढाव्या लागल्या. त्या लोकांची चूक एवढीच की सगळं एकाच धंद्यावर होतं. वहिनींचं सोनं यात घालू नका, कळकळीने सांगतो.

पीएफला तर हातच लावू नका. 2024-25 ला 8.25 टक्के व्याज होतं, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुमची सहा झालीत. नोकरी सोडलीत तरी पेन्शनचे पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढे पीएफवाली नोकरी मिळाली की ही सहा वर्षं त्यात जोडली जातात.

टिपरवर बसायच्या आधी घरखर्चाचे चार महिने वेगळ्या खात्यात हवेत. वर्षाला 20 रुपयांचा अपघाताचा सुरक्षा बिमा आणि 436 चा जीवन ज्योती विमा बँकेत सुरू करा, दोन्ही 2 लाखाचे, पण तेवढ्यावर भागणार नाही, टर्म प्लॅन घ्या आणि फॉर्मवर धंदा हेवी ड्रायव्हर असाच लिहा, लपवलात तर क्लेमच्या वेळी वहिनींना फिरावं लागेल. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत उपचार आहेत, नाव चढलंय का बघून घ्या. आणि मालकाच्या गाडीच्या पॉलिसीचा फोटो मागा, त्यात पेड ड्रायव्हरचा, म्हणजे पगारी ड्रायव्हरच्या विम्याचा, प्रीमियम भरलाय का बघा. कागद कन्नडात असेल तर वाचता येणाऱ्याकडून ओळ न ओळ ऐकल्याशिवाय सही नको.

या रविवारी मित्राकडे जा आणि एकच विचारा, गेल्या जून ते सप्टेंबर मालकाने तुला महिन्याला किती दिले. ते चार आकडे मला पाठवा, पुढचं त्यावर ठरवू.